चाळिसावं छप्पर

मिसिसिपी राज्यातल्या एका छोट्या गावात वादळानं एकोणचाळीस घरांची छपरं उडवली. चाळिसावं मी उडवलं.

आमच्याकडे पाहुणे आले की ही गोष्ट कुसुम सांगते. कुसुम म्हणजे माझी बायको. ती सांगते तेव्हा माझं वय दहा वर्षांनी वाढतं आणि अक्कल त्याच प्रमाणात घटते, म्हणून एकदा मीच सांगून टाकावी असं ठरवलं. (तिनं हे वाचलं आहे. 'अक्कल बरोबर आहे, वय बदला,' एवढीच तिची सूचना आहे.)

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहत होतो. माझ्या कंपनीनं साहेबलोकांना लवकर निवृत्त व्हायची संधी दिली आणि मी ती घेतली. मी तीस वर्षं स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो. हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नदीवरचे पूल येतात. मी वीजकेंद्रातल्या पाइपांना खालून आधार देणाऱ्या लोखंडी चौकटी डिझाइन करत असे, आणि त्याही कागदावर. तीस वर्षांत एकदाही माझ्या हातात हातोडा आला नव्हता. घरातली तसबीरसुद्धा कुसुम लावायची आणि ती सरळ आहे की नाही हे मी खुर्चीतून सांगायचो.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनं मोटरहोम विकत घेतलं. म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं. ते घरी आणलं त्याच दिवशी मागे घेताना समोरच्या हॅरल्डची टपालपेटी खांबासकट आडवी केली. हॅरल्ड हा सत्तरीला आलेला, आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. त्यानं बाहेर येऊन पेटीकडे पाहिलं, मोटरहोमकडे पाहिलं, आणि दहा मिनिटांत नवा खांब रोवला. मी शेजारी उभा राहून खांब किती खोल जायला हवा हे तोंडी गणित करून सांगत होतो.

"तू इंजिनिअर आहेस?" त्यानं विचारलं.

"हो. स्ट्रक्चरल."

त्याचे डोळे लकाकले. मी पेटी पाडली त्यापेक्षा मोठा घोटाळा त्या क्षणी झाला होता, पण आम्हा दोघांनाही तो कळला नाही.

हॅरल्ड आणि त्याची बायको लोइस दर हिवाळ्यात आपलं मोटरहोम घेऊन दक्षिणेकडे जात. त्यांच्या चर्चची एक तुकडी होती. सगळे निवृत्त, सगळे आपापल्या चाकांवरच्या घरात राहणारे. कुठे पूर, कुठे वादळ झालं की हे लोक तिथल्या चर्चच्या मैदानात तळ ठोकत आणि महिनाभर गरिबांची, म्हाताऱ्यांची घरं दुरुस्त करून देत. पुरुष छपरं घालत, बायका स्वयंपाक करत (लोइस दोन्ही करत असे).

"तुम्ही पण या," हॅरल्ड म्हणाला.

मी जरा घुटमळलो. म्हटलं, "आम्ही हिंदू आहोत. तुमच्या चर्चचे नाही. चालेल का?"

हॅरल्डनं नीट विचार केला. "शिडीची भीती वाटते का?"

"नाही."

"मग चालेल."

आमची मुलगी तेव्हा शिकायला बॉस्टनला होती. तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, यू कान्ट इव्हन हँग अ पिक्चर." मी तिला सेवाभाव या विषयावर पाच मिनिटं ऐकवलं. तिनं फोन आईला द्यायला सांगितला.

*

मिसिसिपीतल्या त्या गावात आम्ही पोचलो तेव्हा वादळ होऊन दोन महिने झाले होते. गाव दात पडलेल्या माणसासारखं दिसत होतं. अर्ध्या घरांवर निळ्या ताडपत्र्या, झाडं मुळांसकट उपटलेली, आणि रस्त्यांच्या नावाची एकही पाटी जागेवर नाही. चर्चच्या मैदानात आमची आठ मोटरहोम्स ओळीनं उभी राहिली. चर्चच्या हॉलमध्ये जेवणं होत. हॉलच्या उत्तरेच्या कोपऱ्यात छप्पर गळत होतं, तिथे एक बादली कायमची ठेवलेली असायची.

पहिले तीन दिवस मी हॅरल्डच्या हाताखाली काम केलं. छपरावर शिंगल्स कशा घालायच्या ते शिकलो. शिंगल म्हणजे डांबर लावलेली जाड पट्टी. खालून वर ओळीनं लावत जायची आणि खिळे ठोकायचे, कौलांसारखीच पण चपटी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कामांची वाटणी झाली. हॅरल्ड सगळ्यांसमोर म्हणाला, "उद्या सॅमची स्वतंत्र टीम. तो इंजिनिअर आहे."

(सदाशिवचा सॅम मी अमेरिकेत आल्या आठवड्यातच झालो होतो.)

मला माझ्या टीममध्ये दोन माणसं मिळाली. वॉल्टर हा ओहायोचा निवृत्त पोस्टमन, पस्तीस वर्षं घरोघर टपाल वाटलेला. आणि बिल नावाचा निवृत्त दाताचा डॉक्टर, मितभाषी. आम्हाला मिसेस डॉर्सी नावाच्या, पंच्याऐंशी उलटलेल्या एका विधवा बाईचं छप्पर नवीन घालायचं होतं. ती पूर्वी शाळेत शिकवायची. छपराला मोठं भोक पडलं होतं आणि ती दोन महिने स्वयंपाकघरात पलंग टाकून झोपत होती. तिनं स्वतः पसंत केलेल्या लाल रंगाच्या शिंगल्स पिकअपमध्ये भरून तयार होत्या.

चर्चच्या पाद्रीबाबांनी मला पत्ता समजावून सांगितला. "मोठं ओकचं झाड होतं ना, तिथून डावीकडे. मग पेट्रोल पंप होता तिथे उजवीकडे. तिसरं पांढरं घर. छपरावर निळी ताडपत्री आहे."

त्या गावातले सगळे पत्ते भूतकाळात होते.

"अहो, कुणाला तरी विचारून घ्या वाटेत," कुसुम सकाळी डबा देताना म्हणाली.

"नकाशा आहे माझ्याकडे."

"नकाशात ओक आहे का?"

मी डबा उचलला. पुरुषानं वाटेत थांबून पत्ता विचारणं म्हणजे काय ते बायकांना कळायचं नाही, आणि इंजिनिअरनं विचारणं म्हणजे तर विषयच संपला.

साडेसात वाजता आम्ही निघालो. एक भलामोठा बुंधा दिसला. मी म्हटलं, "ओक. डावीकडे."

वॉल्टर खिडकीतून वाकून पाहत म्हणाला, "सॅम, हा ओक नाही. पिकानचं झाड आहे. बघ, खाली अक्रोडासारखी टरफलं पडलीत."

"बुंधा मोठा आहे की नाही?"

"मोठा आहे."

"मग डावीकडे."

पुढे एक सिमेंटचा चौथरा दिसला. पेट्रोल पंप. उजवीकडे वळलो. तिसरं घर पांढरं, छपरावर निळी ताडपत्री. मी वॉल्टरकडे जरा विजयी मुद्रेनं पाहिलं. दार वाजवलं, कुणी आलं नाही.

"ती घरी असणार होती," वॉल्टर म्हणाला. "कॉफी करून ठेवते म्हणाली होती."

"नातेवाइकांकडे गेली असेल बिचारी. आवाज होणार ना दिवसभर."

वॉल्टर अंगणात फिरून आला. "सॅम, तिचा नंबर अठरा. रस्त्याच्या या बाजूला विषम नंबर असायला हवेत. मी पस्तीस वर्षं..."

"ओहायोत," मी म्हटलं. "ओहायोची पद्धत वेगळी असेल."

"मागे दोरीवर पुरुषांच्या तीन विजारी वाळत घातल्यात."

"मुलगा असेल तिचा."

"तिला मूल नाही."

"मग भाऊ असेल. वॉल्टर, तू पोस्टमन आहेस की गुप्तहेर?"

बिल हसला. वॉल्टरनं खांदे उडवले आणि शिडी लावली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं.

आम्ही ताडपत्री सोडवली. खाली भोक नव्हतं. छप्पर धडधाकट होतं, एकही शिंगल हललेली नव्हती. बिल आणि वॉल्टर दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. आता, तीस वर्षं ज्यानं इंजिनिअर म्हणून पगार घेतला त्याच्याकडे अशा वेळी स्पष्टीकरण हे असतंच.

"आतलं नुकसान," मी म्हणालो. "वरून दिसत नाही, म्हणूनच ते जास्त धोक्याचं."

आणि आम्ही छप्पर उपटायला सुरुवात केली.

उपटता उपटेना. प्रत्येक शिंगल जिवाच्या आकांतानं चिकटून बसलेली. घामाघूम होऊन मी म्हटलं की वादळाचा जोर या बाजूला कमी असावा. बिलनं मात्र जुने खिळे सुरेख उपटले. एकही वाकला नाही, प्रत्येक खिळा काढून तो उजेडात धरून पाहायचा. साडेअकरापर्यंत अर्धं छप्पर उघडं झालं, आणि खालच्या कडेनं मी स्वतः नव्या लाल शिंगल्सच्या दोन ओळीही घातल्या. दोरी लावून, मोजून, ओळ अशी सरळ की बघत राहावं. मला तर दुपारपर्यंत वाटायला लागलं होतं की आपलं आयुष्य उगाच कागदावर गेलं.

*

इकडे कुसुम आणि लोइस डबे घेऊन मिसेस डॉर्सीच्या घरी पोचल्या. (लोइसलाही रस्ता माहीत नव्हता. कुसुमनं वाटेत चार ठिकाणी विचारलं.) मिसेस डॉर्सी ओसरीत खुर्ची टाकून, केस विंचरून, चांगला पोशाख घालून बसल्या होत्या. बाजूला कॉफीचं मोठं भांडं आणि चार कप.

"तुमची माणसं आली नाहीत," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा गरम केली मी."

कुसुमनं विचारलं, "गावात पांढरं घर, निळी ताडपत्री, असं दुसरं कुठलं आहे का?"

मिसेस डॉर्सींनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा हात हळूच तोंडावर गेला. "रॉयचं आहे," त्या म्हणाल्या. "अरे देवा. रॉयचं."

मग त्या उठल्या, कॉफीचं भांडं घेतलं आणि लोइसच्या गाडीत जाऊन बसल्या.

मी आढ्यावर घोड्यासारखा बसलो होतो. खाली गाडी थांबली. कुसुम उतरली आणि डोळ्यांवर हात धरून वर पाहायला लागली.

"अहो, खाली या."

"अगं, आत्ता नको. अर्धं झालंय."

"तेच म्हणते. खाली या."

"जेवण ठेवून जा, येतो आम्ही."

"हे घर त्यांचं नाही," ती मराठीत, अगदी शांतपणे म्हणाली. "त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्या माझ्याबरोबर गाडीत आहेत. त्यांना नमस्कार करा."

मी नमस्कार केला. आढ्यावर बसून, हातात हातोडा, दोन्ही हात जोडून. वॉल्टरला मराठीचा गंध नव्हता, पण त्याला सगळं समजलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, एखाद्याच्या अंत्ययात्रेत धरावी तशी.

आणि त्याच वेळी घराचा मालक आला.

रॉय बहात्तर वर्षांचा होता. उंच, वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा, डाव्या पायानं लंगडणारा. सकाळी जिल्ह्याच्या गावी डॉक्टरला गुडघा दाखवायला गेला होता. जाताना घराला छप्पर होतं. जुन्या पिकअपमधून तो उतरला आणि दार न लावताच उभा राहिला. मग त्यानं अगदी हळू, त्या भागातल्या लांबट उच्चारात विचारलं, "तू माझ्या छपरावर काय करतोयस?"

मी खाली उतरलो. शिडीच्या पायऱ्या सकाळपेक्षा दुप्पट झाल्या होत्या. मी म्हटलं की आम्ही मदतीला आलोय.

"कुणाच्या?"

मी म्हटलं, "पण छपरावर ताडपत्री होती."

"होती. वादळात कुठून तरी उडून आली. चांगली नवी ताडपत्री आहे. ज्याची असेल त्याला रस्त्यावरून दिसावी म्हणून मी ती बांधून ठेवली होती." तो थांबला. "या वादळात माझ्या घराची एक शिंगल गेली नाही. चाळीस वर्षं मी लोकांची छपरं घातली. माझं स्वतःचं मी असं घातलं होतं की ते जायला नको. वादळानं हात लावला नाही त्याला."

म्हणजे मी गावातल्या सगळ्यात उत्तम छप्परवाल्याचं सगळ्यात उत्तम छप्पर उपटलं होतं. बाकीची माहिती मिसेस डॉर्सींनी नंतर दिली. बारा वर्षांपूर्वी चर्चचा हॉल बांधला तेव्हा छपराचं काम रॉयला न देता बाहेरच्या कुणाला दिलं होतं. त्या दिवसापासून रॉयनं चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. वादळानंतर पाद्रीबाबा विचारपूस करायला गेले तेव्हा तो दारातूनच म्हणाला होता, "तुमची माणसं माझ्या अंगणात नकोत." आणि आता तीच माणसं त्याच्या आढ्यावर घोडा घोडा खेळत होती.

त्यात दक्षिणेकडून आभाळ काळं व्हायला लागलं. लोइसनं गाडीचा रेडिओ लावला. संध्याकाळी पाचपासून जोराचा पाऊस.

मला आयुष्यात फार वेळा लाज वाटलेली नाही (कुसुमच्या मते हीच अडचण आहे). पण त्या अंगणात मात्र वाटली. एका बाईला छप्पर द्यायला आलो आणि तिला तर दिलं नाहीच, वर एका एकट्या म्हाताऱ्याचं काढून घेतलं. आणि आभाळ भरून येतंय. मी म्हटलं, "माझी चूक आहे. सगळी माझी. वॉल्टरनं मला चारदा सांगितलं होतं."

"पाचदा," वॉल्टर म्हणाला.

रॉय लंगडत भिंतीपाशी गेला, मान वर करून मी घातलेल्या लाल ओळी पाहिल्या. मग शिडीच्या तीन पायऱ्या चढून नाक जवळ नेलं.

"हे कुणी ठोकलं?"

"मी."

"एका शिंगलला आठ खिळे?"

"चार लागतात," मी म्हटलं. "पण आम्ही इंजिनिअर लोक सुरक्षिततेसाठी दुप्पट धरतो."

रॉयनं माझ्याकडे असं पाहिलं की ते डोळे मला अजून आठवतात. "खिळा म्हणजे भोक," तो म्हणाला. "तू दुप्पट सुरक्षित केलं नाहीस. दुप्पट भोकं पाडलीस. आणि शिंगल काय पळून जाणार होती?"

मिसेस डॉर्सी गाडीतून उतरल्या होत्या. एका हातात भांडं, दुसऱ्यात कप. त्या सावकाश चालत आल्या आणि वर बघत म्हणाल्या, "रॉय, तुझ्या घरावर आहे ते माझं छप्पर आहे."

रॉयनं टोपी काढली. लहानपणी त्यानं त्यांच्या वर्गात पाढे पाठ केले होते. "हो, मॅडम."

"मला तो रंग फार आवडला होता."

"हो, मॅडम. मला लाल छप्पर अजिबात आवडत नाही."

"आता पाऊस येणार. तू काय करणार आहेस?"

रॉय आभाळाकडे, मग अर्ध्या छपराकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाला, "याला वर जाऊ देणार नाही. ते पहिलं." मग त्यानं आपल्या पिकअपमधून चामड्याचा पट्टा काढला, कमरेला बांधला आणि दुखरा गुडघा घेऊन शिडी चढायला लागला.

*

पुढचे चार तास मी कधी विसरणार नाही. लोइस गाडी घेऊन हॅरल्डला आणायला गेली. हॅरल्ड आठ माणसं घेऊन आला, त्यानं एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि शिडी धरली. रॉय आढ्यावरून हुकूम सोडत होता. इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस, त्याच्या तोंडाला जणू पाट फुटला. "इथे नाही, तिथे. ओळ सरळ दिसते म्हणून ती बरोबर नसते. ए दातवाल्या, तू छान करतोस, तू माझ्याजवळ ये." बिल लाजला. माझ्या दोन ओळी रॉयनं आधी उपटून काढायला लावल्या. ते काम मलाच दिलं. जमिनीवरून. म्हणजे वरून पडलेल्या पट्ट्या गोळा करून त्यातले आठ-आठ खिळे काढायचे. मी मोजत होतो. दर वेळी आठच भरायचे.

मिसेस डॉर्सी ओसरीत रॉयच्या खुर्चीत बसून सगळ्यांना कॉफी देत होत्या. "माणसांसाठी केली होती, माणसं इथे आहेत," एवढंच म्हणाल्या. मला दिली तेव्हा मी त्यांची माफी मागितली. त्यांनी माझ्या कपात साखर घातली, जरा जास्तच, आणि म्हणाल्या, "बेटा, मी पस्तीस वर्षं दुसरीच्या वर्गाला शिकवलं. मी याहून वाईट पाहिलंय." (मी सत्तावन्न वर्षांचा होतो.)

पावणेपाचला शेवटची लाल शिंगल बसली. पाच वाजून दहा मिनिटांनी पाऊस आला. आम्ही सगळे रॉयच्या ओसरीत दाटीवाटीनं उभे होतो. कुणीतरी म्हणालं की एक थेंब गळत नाही. रॉय गुडघा चोळत पायरीवर बसला होता. त्याच्या तोंडावर जे होतं ते हसू नव्हतं, पण हसू कधी काळी तिथे राहून गेलं असावं असं वाटत होतं. मग त्यानं बारा वर्षांत चर्चबद्दल पहिला प्रश्न विचारला.

"हॉल उत्तरेच्या कोपऱ्यात गळतोय, खरं ना?"

"हो," हॅरल्ड म्हणाला.

"वाटलंच," रॉय म्हणाला. फार समाधानानं म्हणाला.

त्या संध्याकाळी आमच्या मोटरहोमच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. कुसुमनं चहा केला, आल्याचा. ती म्हणाली, "वाटेत एकाला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"नावं ठेवली असती."

"आणि आता?"

मी चहा प्यालो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "माफी मात्र नीट मागितलीत. सगळ्यांसमोर. मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल." तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या कामाची केलेली ही सगळ्यात मोठी स्तुती. मी आणखी एक कप मागितला.

लाल शिंगल्स पुन्हा यायला तीन दिवस लागले. तोवर उडून आलेली ती निळी ताडपत्री रॉयनं स्वतः नेऊन मिसेस डॉर्सींच्या भोकावर बांधली. चौथ्या दिवशी त्यांचं छप्परही त्यानंच घातलं. मी खालून पट्ट्या चढवत होतो आणि दर तासाला तो वरून ओरडून विचारायचा, "सॅम, घर बरोबर आहे ना?" मी म्हणायचो बरोबर आहे. तरी तो मिसेस डॉर्सींना विचारून खात्री करून घ्यायचा.

आम्ही निघायच्या आदल्या रविवारी रॉय हॉलमध्ये जेवायला आला. आत येताना त्यानं माणसांकडे पाहिलंच नाही, सरळ वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. पाद्रीबाबांनी त्याला खुर्ची दिली. कुसुमनं त्या दिवशी मसालेभात केला होता. रॉयनं दोनदा घेतला, डोळे पुसले (तिखटामुळे असावं), आणि दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन कोपऱ्यावर चढला.

पुढच्या वर्षी थंडी सुरू झाली तसा हॅरल्ड आमच्याकडे कॉफीला आला. या खेपेला टेक्ससला जायचं होतं, पुरात बुडालेल्या एका गावी. त्यानं बातमी आणली होती. रॉयनं छोटा ट्रेलर घेतला होता आणि तो आमच्या तुकडीत येणार होता, सगळ्या छपरांचा प्रमुख म्हणून.

"आणि त्याची एक अट आहे," हॅरल्ड म्हणाला. "सॅम त्याच्याच टीममध्ये पाहिजे. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही म्हणाला."

खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. मी कुसुमकडे वळून म्हटलं, "बघ. कामाची कदर असणारी माणसं असतात जगात. चूक होते, पण गुण लपत नाही."

कुसुमनं हॅरल्डच्या कपात कॉफी ओतली आणि साधेपणानं विचारलं, "का म्हणे?"

हॅरल्डनं कप खाली ठेवला. तो सरळ माणूस, त्याला खोटं बोलता येत नाही.

"रॉय म्हणाला," तो म्हणाला, "सॅम माझ्याबरोबर असेल तेवढा वेळ तरी तो माझ्या घरावर नसेल."